गच्चीवर कॅरोलिना रीपर आणि भूत जोलोकिया : कोल्हापुरात कुणी लावलीय का?

गच्चीवरचा_पाटील | २१ जानेवारी

नमस्कार मंडळी. गेल्या वर्षी ऑनलाइन कॅरोलिना रीपर या जगातल्या अतितिखट मिरचीच्या बियांचं पाकीट मागवलं. पाकिटावर लालभडक, खडबडीत मिरचीचा फोटो, आत वीस बिया. आठ महिने पोटच्या पोरागत सांभाळलं आणि शेवटी लागली काय, तर बाजारात दहा रुपयाला मूठभर मिळते ती लांबडी हिरवी मिरची. बाबांनी भाकरीबरोबर कच्ची खाल्ली आणि म्हणाले, "हीच काय जगात भारी? बरी आहे की." त्या दिवसापासून घरात माझं नावच रीपर पडलंय.

यंदा पुन्हा नाद करायचा आहे. एका मित्राने त्याच्या झाडावरच्या रीपरच्या बारा बिया दिल्यात (फळ मी डोळ्यांनी बघितलंय, बुडाला विंचवासारखी नांगी होती). ऑफिसातल्या गुवाहाटीच्या सहकाऱ्याने दोन सुक्या भूत जोलोकिया, म्हणजे तिकडच्या अतितिखट मिरच्याही आणून दिल्यात. घर फुलेवाडीत, गच्चीवर सकाळी सात ते दुपारी चार कडक ऊन. बी कधी टाकू, माती कुठली घेऊ आणि आपल्या पावसात ही टिकेल का, तेवढं सांगा. बाबा म्हणतात, गप लवंगी लाव.

चटणीकाकू | २१ जानेवारी

बाबांचं ऐक.

गडहिंग्लजचा_गडी | २२ जानेवारी

भावा, बी आत्ताच टाक, पण गच्चीवर नको. जानेवारीत रात्रीचा गारठा हाय, थंड मातीत ही मिरची उगवत न्हाई, कुजती. आपली जवारी आठ-दहा दिवसांत डोकं वर काढती, ह्या परदेशी जातीला तीन-तीन आठवडे लागतात, कवाकवा महिना. बियाला पंचवीस ते तीस अंश ऊब पायजे. रातभर कोमट पाण्यात भिजव, ओल्या कागदात गुंडाळून डबीत घाल आणि घरात जिथं ऊब असंल तिथं ठेव.

माती नुसती नदीकाठची काळी घेऊ नको. कुंडीत ती दगड होती आणि पावसाळ्यात पाणी धरून बसती. पन्हाळ्याकडची तांबडी निम्मी, चांगलं कुजलेलं शेणखत पाव, उरलेलं कोकोपीट आणि मूठभर भाताची तूस. कुंडी पंधरा इंचाची तरी घे.

दिमापूर_रिटर्न | २२ जानेवारी

तीन वर्षं नोकरीनिमित्त नागालँडमध्ये काढली, म्हणून लिहितो. तिथे हिला राजा मिरचा म्हणतात. आसामात भूत जोलोकिया. २००८ साली नागा मिरचा या नावाने नागालँडला भौगोलिक मानांकन मिळालं आहे.

पाटील, एक विचारा त्या सहकाऱ्याला : मिरच्या उन्हात सुकवल्यात की चुलीवरच्या धुरावर? तिकडे बऱ्याच घरांत चुलीवर टांगून ठेवतात. धुरावरची असेल तर वासाला अप्रतिम, पण उष्णतेने बी मेलेलं असतं.

आणि लोक समजतात तशी तिथली माणसं ही मिरची कचाकचा खात नाहीत. मी जेवायला जायचो त्या घरातली आजी अख्खी मिरची देठासकट कालवणात सोडायची, दोन-चार मिनिटांनी अलगद उचलून वाटीत काढायची. फुटली तर पातेलं गेलं. तीच मिरची संध्याकाळी पुन्हा वापरायची.

आकडेबहाद्दर | २३ जानेवारी

थोडे आकडे टाकतो, नाहीतर माझ्या नावाला काय अर्थ. तिखटपणा स्कोव्हिल एककात मोजतात. विल्बर स्कोव्हिल या अमेरिकन औषधशास्त्रज्ञाने १९१२ साली ही पद्धत काढली. मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात पातळ करत जायचा आणि चाखणाऱ्यांना तिखट लागेनासं झालं की थांबायचं. किती पट पातळ करावं लागलं, तो आकडा. आता यंत्रावर कॅप्सेसिन, म्हणजे मिरचीतलं तिखट द्रव्य, मोजतात, एककाचं नाव तेच राहिलं.

हालापेन्यो, म्हणजे पिझ्झावर चकत्या असतात ती : २,५०० ते ८,००० एकक. भूत जोलोकिया : १०,०१,३०४, २००७ साली गिनीजमध्ये. कॅरोलिना रीपर : २०१३ साली विक्रम, पुढच्या मोजणीत सरासरी १६,४१,१८३. २०२३ मध्ये पेपर एक्सने तिलाही मागे टाकलं, २६,९३,०००. रीपर आणि पेपर एक्स दोन्ही एड करी या अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिनाच्या एकाच माणसाने तयार केल्या. म्हणजे स्वतःचाच विक्रम स्वतः मोडला.

नवशिका_७ | २३ जानेवारी

पेपर एक्सचं बी मी परवाच मागवलं! १९९ रुपयांना पन्नास बिया. पाटील, तुम्हाला पाच पाठवू का?

आकडेबहाद्दर | २३ जानेवारी

भाऊ, एड करीने पेपर एक्सचं बी बाजारात आणलेलंच नाही. स्वतःकडे राखून ठेवलंय. तुमच्या पाकिटात काय असेल ते असो, पेपर एक्स नाही.

नवशिका_७ | २३ जानेवारी

😐

गच्चीवरचा_पाटील | २४ जानेवारी

नवशिका, ये भावा, आपण दोघं एकाच बाकावर.

गच्चीवरचा_पाटील | १९ फेब्रुवारी

हजेरी लावतो. बिया डबीत घालून टीव्हीच्या सेटटॉप बॉक्सवर ठेवल्या होत्या. घरात चोवीस तास कोमट राहणारी तेवढी एकच जागा सापडली. आई रोज मालिका बघताना विचारायची, "तुझ्या डबीला काही झालं का?" सतराव्या दिवशी पहिला पांढरा कोंब, तांदळाच्या कणीएवढा. बारापैकी सात रीपर उगवल्या, शेवटची सव्विसाव्या दिवशी.

दिमापूरवाले, तुमचा अंदाज बरोबर निघाला. एक जोलोकिया धुरावरची होती, तिचं एकही बी उगवलं नाही. दुसरीचे तीन कोंब आले. सातपैकी दोन रोपं मात्र मी स्वतःच्या हाताने मारली. प्रेमापोटी दिवसातून दोनदा पाणी घातलं. सकाळी बघतो तर रोप जमिनीलगत दोऱ्यासारखं बारीक होऊन आडवं.

गडहिंग्लजचा_गडी | १९ फेब्रुवारी

तो मर रोग. पाणी कमी कर, ट्रायकोडर्मा (रोगाला मारणारी बुरशी) मातीत मिसळ. मिरचीचं रोप तहानलं की पान पाडून सांगतंय, जादा झालं की सांगत न्हाई, मरतंय.

ढबूप्रेमी | ८ एप्रिल

पाटीलसाहेब, सावधगिरीचा इशारा. माझ्या मेव्हण्याने ढबूच्या शेजारी भूत जोलोकिया लावली होती आणि त्याची ढबू मिरची तिखट झाली. भरली ढबू केली होती, पाहुण्यांसमोर शोभा झाली. तुमच्याकडे दुसऱ्या मिरच्या असतील तर लांब ठेवा.

आकडेबहाद्दर | ८ एप्रिल

हे होत नाही. परागकण कुठूनही येऊ देत, त्या वर्षीचं फळ आईच्या, म्हणजे झाडाच्याच गुणाचं असतं. तिखटपणा फळाच्या आतल्या पांढऱ्या गरात तयार होतो आणि तो गर झाडाचा. संकर झाला तर तो बियात जातो. ते बी पुढच्या वर्षी लावलं की मग वेगळं फळ येईल.

ढबूप्रेमी | ८ एप्रिल

म्हणजे माझा मेव्हणा खोटं बोलतो?

चटणीकाकू | ८ एप्रिल

मेव्हण्याने दोन्ही मिरच्या एकाच विळीवर चिरल्या असतील. विळी कोण धुतं?

गडहिंग्लजचा_गडी | ९ एप्रिल

काकू 😂 आणि मेव्हण्यानं आदल्या सालचं घरचंच बी लावलं असंल तर संकराचं आलं असंल, ती शक्यता हाय.

पाटील, बी धरायचं असंल तर फूल उमलायच्या आधी कळीला जाळीची पिशवी बांध. मिरचीचं फूल आपलं आपण फळतंय, पण मधमाशी गावभर हिंडती. पिशवीत फळ धरलं की पिशवी काढ, देठाला लाल दोरा बांधून ठेव, म्हंजे बियाचं फळ कुठलं ते कळंल.

गच्चीवरचा_पाटील | ९ एप्रिल

आईने संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण दिलं होतं, त्या जाळीच्या पोटल्या उरल्यात. त्याच बांधतो. झाडं गुडघ्याएवढी झालीत, फुलंही लागलीत.

गच्चीवरचा_पाटील | ७ मे

एकूण एक फूल गळालं. रोज सकाळी कुंडीखाली पांढऱ्या फुलांचा सडा. झाड हिरवंगार, पानं तळहाताएवढी, पण फळ नाही. शेजारचे काका गच्चीवर येऊन म्हणाले, "पालेभाजी का लावलीस?"

गडहिंग्लजचा_गडी | ७ मे

ऊन. पस्तीसच्या वर गेलं की मिरची फूल धरत न्हाई. हिरवी नेट बांध, निम्मं ऊन अडवणारी. फरशी तापती तिथनं कुंड्या उचल, खाली विटा घाल. आणि पानं तळहाताएवढी म्हंजे युरिया घातलायस का?

गच्चीवरचा_पाटील | ७ मे

...थोडा.

गडहिंग्लजचा_गडी | ७ मे

थोडा म्हंजे किती ते इचारत न्हाई. बंद कर. आता लाकडाची राख घाल चिमूटभर, आणि वळवाची वाट बघ.

पुणेरी_कुंडी | ८ मे

आमच्याकडे पुण्यात मे महिन्यातही फुलं धरतात. योग्य निगा हवी.

चटणीकाकू | ८ मे

बरं.

गच्चीवरचा_पाटील | २३ जुलै

सगळं कोल्हापूर मोबाइलवर पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी बघतंय, ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका, आणि मी गच्चीवर कुंड्यांच्या बुडातली भोकं बघतोय. एका कुंडीचं भोक मातीने बुजलं होतं, कळलंच नाही. वरून झाड टवटवीत, चार दिवसांत मान टाकली. उपटून बघितलं तर मुळं तपकिरी, बोटाने दाबली की साल सुटून येत होती. उरलेल्यांना पत्र्याखाली घेतलंय.

वळवाच्या दोन सरींनंतर फळं धरली होती, हे सांगायचं राहिलंच. रीपर चार झाडांवर मिळून तीसेक, जोलोकिया दहा-बारा. पण आता शेंड्याची पानं वळायला लागलीत. चुरडामुरडा म्हणतात तो हाच का? परवाच कडुनिंबाचं तेल मारलं, फरक नाही.

गडहिंग्लजचा_गडी | २३ जुलै

वळलीत ती वर का खाली? नीट बघून सांग.

गच्चीवरचा_पाटील | २३ जुलै

खाली. उलट्या होडीसारखी. आणि कोवळ्या पानांचे देठ लांबलेत.

गडहिंग्लजचा_गडी | २४ जुलै

मग कोळी कीड हाय. डोळ्याला दिसत न्हाई, भिंगातनं बघ. पान वर वळून द्रोण झाला तर फुलकिडे, खाली वळलं तर कोळी. पान बारकं, पिवळं, झाडच खुरटलं आणि पांढरी माशी उडती असं असंल तर व्हायरस. तसलं झाड उपटून टाकायचं, दया करायची न्हाई. तुझं तसं न्हाई.

वळलेलं शेंडं खुडून पिशवीत भरून टाक. पाण्यात मिसळायचं गंधक मिळतंय, ऐंशी टक्क्याचं, लिटरला दोन ग्रॅम, सांजच्याला मार. पण थांब. तू तेल मारलायस न्हवं? तेलावर गंधक पडलं तर पान करपतंय. पंधरा दिस जाऊ दे. तवर शेंडं खुड आणि पानाच्या खालनं पाण्याचा जोराचा फवारा मार.

लोकं ह्यात चुकत्यात. पान वळलं की दुकानदार देईल ते मारतात. फुलकिड्याचं औषध कोळ्यावर मारून काय हुणार? २०२१ ला आंध्र-तेलंगणात नव्या जातीच्या फुलकिड्यांनी मिरचीची रानंच्या रानं झोपवली. ते फुलात लपून बसायचं, आणि माणसं पानावर औषधं ओतत बसलीवती.

गच्चीवरचा_पाटील | २ ऑक्टोबर

मंडळी, पिकली!

रीपरचं फळ हातात घेऊन बघा एकदा. लिंबाहून लहान, पण गुळगुळीत कुठेच नाही. कातडी कारल्यासारखी फोडांची, त्यावर तेलाचा हात फिरवल्यागत तकाकी आणि बुडाला ती वाकडी नांगी. चिरली तर आत बी मोजकंच, पण पांढऱ्या शिरांवर पिवळसर तेलाचे बारीक थेंब चमकत होते. वास मिरचीचा नाहीच! पाडाचा आंबा आणि पिकलेला फणस शेजारी ठेवल्यासारखा.

मग बाबांना हुक्की आली. मी म्हटलं मोहरीएवढी घ्या. त्यांनी ज्वारीच्या भाकरीच्या तुकड्यावर तुरीच्या डाळीएवढी घेतली आणि चावली. दहा सेकंद काही नाही. माझ्याकडे बघून हसले. "गेल्या वर्षीचीच दिसतीय." आणि पुढच्या क्षणाला उचकी लागली. कान लाल. टक्कल घामाने चिंब. पाण्याचा तांब्या तोंडाला लावला, मी ओरडलो पाणी नको, दही घ्या. मग एक वाटी दही, गुळाचा मोठा खडा, पुन्हा दही. वीस मिनिटं खुर्चीत डोळे मिटून बसले होते. उठल्यावर एवढंच म्हणाले, "ही मिरची न्हवं, पोलिसाचा मार हाय."

माझी कथा वेगळी. हातमोजे न घालता चिरली. साबणाने तीन वेळा हात धुतले. दोन तासांनी डोळ्यातली लेन्स काढली. पुढचं लिहीत नाही.

दिमापूर_रिटर्न | २ ऑक्टोबर

साबणाआधी हाताला खायचं तेल चोळायचं. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं. मग भांड्याचा साबण. हातमोजे नायट्रिलचे घ्या, साधे पातळ रबरी असतात त्यांतून ते हळूहळू आत येतं. काकांना दही दिलंत ते उत्तम, दुधातलं केसिन हे प्रथिन त्याला धरून घेऊन जातं.

आकडेबहाद्दर | २ ऑक्टोबर

जिभेवर खरं तर काही जळत नसतं. उष्णता ओळखणारा चेतातंतूंवरचा जो दरवाजा आहे, टीआरपीव्ही-१, तो कॅप्सेसिन उघडतं आणि मेंदूला वाटतं आग लागली. हे शोधल्याबद्दल डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ सालचं नोबेल विभागून मिळालं.

चटणीकाकू | ३ ऑक्टोबर

काकांना हे वाचून दाखवा, बरं वाटेल त्यांना.

गच्चीवरचा_पाटील | ६ ऑक्टोबर

आणखी एक प्रताप. आई बाहेर गेलेली बघून खर्डा करायचा म्हणून तीन जोलोकिया तव्यावर टाकल्या. लसूण, मीठ, शेंगदाणे तयार. मिरचीला काळे डाग पडायला लागले आणि जी खाट उठली म्हणता! आधी मी खोकत गच्चीवर पळालो, मग बायको, मग मांजर. शेजारच्या काकांनी खिडकी लावून घेतली, समोरच्या घरातून कुणीतरी विचारलं, "कुणाची दृष्ट काढताय का?" गॅस बंद करायला आत कोण जाणार यावर गच्चीवर चर्चा झाली. तोंडाला ओला पंचा बांधून मीच गेलो.

दिमापूर_रिटर्न | ६ ऑक्टोबर

या मिरचीपासून लष्करासाठी धुराचे हातगोळे केलेत हो आपल्याकडे. आसामात रानहत्ती पिकात येऊ नयेत म्हणून कुंपणाच्या दोरांना हिचा लेप लावून बघितलाय. तुम्ही बंद स्वयंपाकघरात तव्यावर टाकलीत.

चटणीकाकू | ७ ऑक्टोबर

पाटील, तुझ्या आईने माझ्याकडे चार रीपर पाठवल्या, पोचल्या. आता ऐक. मी पस्तीस वर्षं दर मार्चला लक्ष्मीपुरीतून मिरची आणून चटणी करते. बेडगी रंगाला, संकेश्वरी चवीला, लवंगी जाळाला. कांदा, खोबरं, लसूण, तीळ, धने सगळं त्या हिशेबानं. मिरची निवडताना देठ मोडून वास घेते, नुसतं तिखट कधी बघत नाही.

तुझ्या रीपरची एक फाक तेलात परतून थोड्या चटणीत घालून बघितली, हातमोजे घालून आणि खिडक्या उघड्या टाकून. तिखट झालीच. पण तो आंब्यासारखा गोडसर वास भाजलेल्या खोबऱ्या-कांद्याशी भांडतो. तांबड्या रश्शात तर अजिबात बसत नाही, मटणाचा वासच बदलतो. लिंबाच्या लोणच्यात मात्र बसली. दोन किलो फोडींना एक मिरची, अख्खी, देठासकट, टोचेसुद्धा मारायचे नाहीत. पंधरा दिवसांनी काढून टाकायची. आणि अननसाच्या मुरांब्यात नखाएवढी घाल, ती मला सगळ्यात आवडली. चटणीत घालायला मी परत मागणार नाही. लोणच्यासाठी वर्षाला दोन पुरेत.

गडहिंग्लजचा_गडी | ७ ऑक्टोबर

काकू, संकेश्वरीचं जवारी बी देतो, तुमाला आणि पाटलाला. हल्ली आमच्या बाजारातबी संकेश्वरी म्हणून दुसरंच गळ्यात मारतात.

नवशिका_७ | १८ ऑक्टोबर

पाटील, मला खऱ्या रीपरचं बी मिळेल का? पोस्टाचा खर्च मी देतो. (माझ्या पेपर एक्सला वांगी लागली. खोटं नाही, फोटो टाकतो.)

गच्चीवरचा_पाटील | १८ ऑक्टोबर

दिलं असतं. लाल दोरा बांधलेली पाच फळं मी बियासाठी झाडावरच पूर्ण सुकायला ठेवली होती. आज सकाळी गेलो तर दोराच शिल्लक. बुलबुलाची जोडी. एक तर माझ्यासमोर तारेवर बसून रीपर सोलून खात होता, मध्येच गात होता. बाबांनी खालून बघितलं आणि त्याला हात जोडले.

आकडेबहाद्दर | १८ ऑक्टोबर

पक्ष्यांचा तो उष्णता ओळखणारा दरवाजा कॅप्सेसिनला उघडतच नाही. त्यांना ती गोड ढबूच. बी त्यांच्या पोटातून आख्खं बाहेर पडतं आणि लांब जाऊन रुजतं. आपण दातांनी बी चावतो, म्हणून तिखटपणा आपल्यासाठी.

गच्चीवरचा_पाटील | १४ डिसेंबर

धागा वर आणतो. झाडं वीतभर ठेवून छाटलीत, खालून नवे फुटवे आलेत. दोन लवंगीच्या कुंड्याही वाढल्यात, त्या बाबांच्या.

शेजारच्या काकांच्या तुळशीवृंदावनात, तुळशीच्या बुडाला, एक रोप उगवलंय. रुंद पान, किंचित सुरकुतलेलं. मी ओळखलं. काकू रोज त्याला पाणी घालतात. काका म्हणतात ढबू असणार, परवा बाजारातून आणली होती तिचं बी पडलं असेल, आता भरल्या ढबूची भाजी घरचीच. मी अजून काही बोललेलो नाही.